डब्यावरचा मोगली

चित्रपटावरून बेतलेला व्हिडिओ गेम विकत घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न वाङ्मयीन दिवाळी अंकात कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. कादंबरीवरून चित्रपट निघाला की आपण त्यावर चवीने लिहितो, मूळ कृतीला न्याय मिळाला की नाही याची उलटतपासणी करतो. मग चित्रपटावरून खेळ निघाला तर त्याला पोरखेळ म्हणून का सोडून द्यावे? घरातली मुले आज कथेशी पहिली ओळख अनेकदा खेळातूनच करून घेतात. शिवाय ज्या खेळाविषयी लिहायचे आहे, त्याची कथा आपल्या वैनगंगेच्या काठची आहे. निदान बालाघाटकरांना तरी त्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे, असे मी धरून चालतो.

आधी एक जुनी आठवण सांगतो. १९९५ च्या सुमाराची. दूरदर्शनवर १९९३ साली 'जंगल बुक' ही मूळ जपानी मालिका हिंदीत सुरू झाली आणि रविवारची सकाळ मुलांनी मोगलीच्या नावे लिहून दिली. शीर्षकगीत गुलजारांचे, शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याच काळात टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र आमच्याकडे आले. 'टीव्ही गेम' म्हणत त्याला. कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. मुलाने हट्ट धरला, मोगलीची कॅसेट हवी. बालाघाटात ती मिळेना. म्हणून आम्ही दोघे छोट्या लाईनच्या गाडीने गोंदियाला गेलो आणि एका दुकानातून कॅसेट घेऊन आलो. वरच्या कागदावर मोगली, बघीरा, बल्लू, सगळे रंगीत आणि ठसठशीत. घरी येऊन लावली तर आत भलताच खेळ! एक टोपीवाला मनुष्य बंदूक घेऊन धावत होता. मुलगा अर्धा तास वाट पाहत राहिला की पुढे कुठेतरी मोगली येईल. तो आला नाही. दुकानदार म्हणाला, "उघडलेला माल परत घेत नाही." दोष कोणाला द्यावा? तेव्हा सगळा बाजारच तसा होता. पण डब्यावर एक आणि आत दुसरेच, हा अनुभव मनात राहिला. पुढे कळले की खराखुरा, परवान्याचा खेळ घेतला तरी हाच प्रश्न वेगळ्या रूपात शिल्लक राहतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याच मुलाचा मुलगा, माझा नऊ वर्षांचा नातू, पुण्याहून सुटीला आला. त्याच्याजवळ हातात धरून खेळायचे निन्टेंडोचे 'स्विच' यंत्र होते. एके दिवशी त्याने मला पडद्यावर तीन खेळांचा एक संच दाखवला, 'अल्लादीन', 'लायन किंग' आणि 'जंगल बुक', आणि विचारले, "आजोबा, हा घ्यायचा का? बाबा म्हणतात तुम्हाला विचार." बापाला गोंदियाची कॅसेट आठवली असावी!

सहज म्हणून मी त्याला म्हटले, "अरे, मोगली आपल्याकडचा. ह्याच नदीकाठचा." तो हसला. त्याच्या लेखी मोगली अमेरिकेचा होता. डिस्नेचा आहे म्हटल्यावर दुसरे काय असणार? मी म्हटले, "घेऊ या. पण आपण दोघे मिळून तपासू, घेण्याजोगा होता की नाही ते." पुढचे लिखाण हा त्या तपासणीचा अहवाल समजावा.

*

चित्रपटावरच्या खेळांची अपकीर्ती फार जुनी आहे. १९८२ साली स्पीलबर्गचा 'ई.टी.' जगभर गाजला. अटारी कंपनीने मोठी रक्कम मोजून त्याचे हक्क घेतले आणि नाताळच्या बाजाराला माल हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या तंत्रज्ञाकडून अवघ्या पाच आठवड्यांत खेळ तयार करून घेतला. खेळणाऱ्याला काय करायचे तेच कळेना. नायक सारखा खड्ड्यात पडे. माल पडून राहिला आणि १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाजवळच्या कचऱ्याच्या खाणीत इतर मालाबरोबर पुरला गेला. पुष्कळांना ही दंतकथाच वाटे. २०१४ च्या एप्रिलमध्ये उकरून पाहिले तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या.

आपल्याकडेही हा प्रयोग झाला. आमिर खानच्या 'गजनी'वर हैदराबादच्या कंपनीने संगणकाचा खेळ काढला. २०११ च्या दिवाळीत 'रा.वन' आला आणि त्याच सुमारास प्लेस्टेशनवर त्याचा खेळही आला. तो चित्रपट मुळात एका व्हिडिओ गेमचीच गोष्ट. तरीही पुढे लोकांच्या तोंडी राहिली ती गाणी, खेळ नव्हे.

असे का होते? एक कारण उघड आहे. चित्रपटाची तारीख ठरलेली असते आणि खेळाला त्याच तारखेला बाजारात उभे राहावे लागते. खेळ चांगला आहे की नाही हे कळेपर्यंत पोस्टरच्या जोरावर तो विकला गेलेला असतो. याच्या उलट दाखला 'गोल्डनआय'चा. जेम्स बाँडचा हा चित्रपट १९९५ चा. इंग्लंडच्या रेअर कंपनीने त्यावरचा खेळ पूर्ण करायला १९९७ साल उजाडवले. चित्रपटाची हवा ओसरली होती, तरी तो खेळ आजही आपल्या प्रकारातला मानदंड समजला जातो. तेव्हा चित्रपटावरून केलेला म्हणून खेळ वाईटच, असा नियम नाही. घाई वाईट, एवढे म्हणता येईल.

या दृष्टीने 'जंगल बुक'चे भाग्य चांगले. डिस्नेचा चित्रपट १९६७ चा आणि व्हर्जिन कंपनीचा खेळ १९९४ चा. मध्ये सत्तावीस वर्षे. योगायोग असा की किपलिंगचे मूळ पुस्तक १८९४ चे, म्हणजे खेळ आला ते पुस्तकाच्या शताब्दीचे वर्ष. हाच खेळ २०२१ च्या नोव्हेंबरात वर सांगितलेल्या संचातून नव्या यंत्रांसाठी पुन्हा बाजारात आला. अमेरिकेत संचाची किंमत २९.९९ डॉलर होती, म्हणजे तेव्हाच्या दराने सव्वादोन हजार रुपयांच्या घरात. आमच्या गावात तेवढ्या पैशांत मुलाचे दिवाळीचे कपडे आणि बूट होतात. तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

*

खेळ कसा आहे ते आधी प्रामाणिकपणे सांगतो. मोगली पडद्यावर आडवा धावतो, उड्या मारतो, वेलींवर चढतो, झोके घेतो. त्याच्या हालचाली पाहण्यासारख्या आहेत. व्हर्जिनच्या मंडळींनी आदल्या वर्षी 'अल्लादीन' केला तेव्हा डिस्नेच्या चित्रकारांच्या हातची रेखाटने यंत्रात उतरवली होती. तेच संस्कार इथेही दिसतात. मोगली फांदीच्या टोकाशी तोल सावरतो तेव्हा तो खरोखर दहा वर्षांचा मुलगा वाटतो. चित्रपटातल्या गाण्यांच्या चाली त्या जुन्या यंत्राच्या चिमुकल्या आवाजातही ओळखू येतात. नातवाचे पाय सारखे ठेका धरत होते. संचात एकाच खेळाची वेगवेगळ्या जुन्या यंत्रांवरची रूपे आहेत, अगदी गेम बॉयवरचे छोटे रूपसुद्धा. एकच गोष्ट तीन कीर्तनकारांनी कशी सांगितली ते पाहावे, तशी ही तुलना मोठी मौजेची आहे. नव्या आवृत्तीत आणखी एक सोय आहे. चुकले तर खेळ मागे फिरवून पुन्हा खेळता येतो. जुने खेळ भयंकर कठीण असत. लहान मुलांसाठी ही सोय मोलाची आहे.

आता उणे काय ते. प्रत्येक टप्प्यात मोगलीने जंगलात विखुरलेली रत्ने ठरावीक संख्येने गोळा करायची आणि घड्याळाचा काटा संपण्याआधी बाहेर पडायचे. वाटेत माकडे, साप, डुकरे. मोगलीचे हत्यार कोणते? केळी! आमच्या नातवाने पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, इथल्या जंगलात केळी असतात?" मी म्हटले, "मोह असतो, तेंदू असतो, चार असते, आवळा असतो. केळी बाजारात असतात." तो म्हणाला, "मग मोगलीने तेंदू मारायला हवे होते." नऊ वर्षांच्या समीक्षकाचे हे मत मी नोंदवून ठेवले आहे.

विनोद सोडा. खरी अडचण केळ्यांची नव्हे, रत्नांची आहे. रत्ने गोळा करणे, घड्याळाशी झुंजणे, समोर येईल त्याला मारणे हे नियम त्या काळच्या शेकडो खेळांचे होते. मोगलीच्या जागी अल्लादीन ठेवा, फारसे बिघडत नाही. अल्लादीनच्या बाबतीत ते शोभते तरी. तो बाजारातला भुरटा चोर, धावणे-पळणे आणि हाती लागेल ते उचलणे हा त्याचा स्वभावच. लायन किंगचा छावाही मोठा होत जातो, त्याची डरकाळी बदलते. मोगलीला मात्र रत्नांचे काय करायचे आहे? मूळ पुस्तकात तर नेमकी उलट गोष्ट आहे. 'द किंग्ज अँकस' या कथेत रत्नजडित अंकुशापायी माणसे एकमेकांचे मुडदे पाडतात आणि मोगली ती वस्तू जिथून आणली तिथे परत टाकून देतो. ज्या मुलाने रत्न फेकून दिले, त्याला या खेळाने रत्ने वेचायला लावले आहे.

*

इथे मूळ मुद्दा येतो. कादंबरीचे द्रव्य शब्द, चित्रपटाचे द्रव्य दृश्य, तसे खेळाचे द्रव्य नियम. काय करता येते, काय करता येत नाही, केले तर काय होते, यातूनच खेळ बोलतो. म्हणून चित्रपटावरचा खेळ पारखताना नायकाचा चेहरा जुळतो का, गाणे वाजते का, एवढेच विचारून भागत नाही. त्या कथेचा नियम खेळात उतरला आहे का, हे विचारावे लागते.

आणि 'जंगल बुक' हे तर नियमांचेच पुस्तक! बल्लू तिथे गाणारा-नाचणारा गमत्या अस्वल नाही. तो लांडग्यांच्या पिलांना जंगलाचा कायदा शिकवणारा मास्तर आहे, प्रसंगी मोगलीला चापट मारणारा. दुष्काळाच्या कथेत वैनगंगेचे पाणी इतके आटते की पात्रातला खडक उघडा पडतो आणि हत्ती पाणतह पुकारतो. तह असेपर्यंत पाण्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. वाघ आणि हरिण एकाच काठाला पाणी पितात. वैनगंगेचे उन्हाळी पात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रसंग कल्पनेतला वाटत नाही. केवढा विलक्षण नियम! मारता येत असूनही न मारणे. खेळ करणाऱ्याला यापेक्षा वेगळे काय हवे होते?

दुसरा प्रसंग शेरखानच्या वधाचा. चित्रपटात वाघाच्या शेपटीला जळती फांदी बांधली की तो पळून जातो. खेळात नेम धरायचा, मारा करायचा, उड्या चुकवायच्या. पुस्तकात मोगली गावच्या म्हशी राखणारा गुराखी आहे. तो कळपाचे दोन भाग करतो, एक घळीच्या वरून आणि एक खालून, आणि मध्ये सापडलेला शेरखान म्हशींच्या खुरांखाली संपतो. आमच्याकडे म्हशी राखलेल्या कोणालाही विचारा, कळप वळवणे म्हणजे काय असते! तिसरा प्रसंग रानकुत्र्यांचा. दख्खनहून आलेल्या त्या टोळीला मोगली चिडवून मागे धाव धाव धावायला लावतो, मधमाश्यांच्या कड्यांवरून वैनगंगेच्या डोहात उडी घेतो आणि मागचे रानकुत्रे माश्यांच्या तडाख्यात सापडतात. खाली पाण्यात त्याला झेलायला का हा अजगर थांबलेला असतो. पुस्तकातला का मोगलीचा मित्र आहे. चित्रपटाने त्याला खलनायक केले आणि खेळाने तोच शत्रू म्हणून उचलला. माकडांचा राजा लुई हा ओरांगउटानही पुस्तकात नाही. तो प्राणी बोर्निओ-सुमात्राचा, सातपुड्यात त्याचे काय काम?

म्हणजे घडले असे. चित्रपटाने पुस्तकातली गंमत ठेवली आणि कायदा गाळला. वॉल्ट डिस्नेला काळोखी, गंभीर कथा नकोच होती. चित्रपट म्हणून ते खपूनही गेले, कारण गाणी आणि चित्रे अव्वल होती. पण खेळाने चित्रपटाचीच नक्कल केल्यामुळे, जे खेळाच्या सर्वात जवळचे होते तेच त्याच्या हाती लागले नाही. नक्कलेची नक्कल करताना मूळ अक्षर पुसट होते, तसे.

*

मूळ पुस्तक तरी आपले म्हणावे काय, हाही प्रश्न आहेच. किपलिंग मुंबईत जन्मला, १८६५ साली, पण मोगलीच्या कथा त्याने अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बसून लिहिल्या. सिवनीच्या जंगलात तो हिंडलेला नव्हता. स्टर्नडेल या अधिकाऱ्याच्या १८७७ च्या सिवनीवरच्या पुस्तकातून त्याने हा प्रदेश उचलला. साहेबी दृष्टीही त्यात जागोजाग आहे. मोगली मोठा झाल्यावरची एक कथा आहे, 'इन द रुख' नावाची. तिच्यात त्याला इंग्रजांच्या जंगलखात्यात पेन्शनीची नोकरी मिळते! आमच्या जिल्ह्यात हे वाचून कोणालाही हसू येईल, कारण जंगलखात्याची नोकरी हे इथल्या कित्येक घरांचे स्वप्नच होते.

तरी नदीचे नाव त्याने वैनगंगाच ठेवले. सिवनी, कान्हीवाडा ही गावांची नावेही तशीच ठेवली. चित्रपटाने आणि खेळाने जंगल ठेवले, पण ते कुठलेही जंगल. २०१६ चा नवा चित्रपट तर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उभा राहिला. हिंदी आवृत्तीत नानांचा शेरखान पुन्हा ऐकू आला, तेवढाच आपला अंश. आमच्या जिल्ह्याचे खरे जंगल पडद्यावर आले ते २०२१ च्या 'शेरनी'त. त्यावर मात्र कोणी खेळ काढला नाही. तिथे मारण्यापेक्षा न मारणे अवघड आहे, हेच तर त्या चित्रपटाचे म्हणणे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. डिस्नेच्या चित्रपटाच्या शेवटी मोगली पाण्याला आलेल्या मुलीमागे जंगलातून गावात जातो. आमच्या कान्ह्यात उलट घडले. जंगल वाघांसाठी राखायचे म्हणून गाभ्यातली बैगा आणि गोंडांची गावे गेल्या पन्नास-साठ वर्षांत बाहेर हलवली गेली. बारासिंगा वाचला, वाघ वाचला, हे मोठेच काम झाले. पण जंगलाचा कायदा तोंडपाठ असलेली माणसे जंगलाबाहेर गेली. ही कथा कोणत्याच डब्यावर नाही. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्यांचे राज्यकारण लिहिले, मारुती चितमपल्लींनी विदर्भाच्या जंगलाचे बोल टिपले. आपल्या भाषेत हे भांडार असताना आपला मुलगा माकडांना केळी मारत बसतो, याची खंत वाटते. खेळाचा दोष त्यात निम्माच. निम्मा आपला.

*

तर घ्यावा की घेऊ नये?

केवळ मोगलीसाठी पूर्ण किंमत देऊन हा संच घेऊ नये, असे माझे मत. घेतलाच तर 'अल्लादीन' आणि 'लायन किंग'साठी घ्यावा, आणि सवलत असेल तेव्हा घ्यावा. अशा खेळांची किंमत वर्षातून एकदोनदा उतरतेच. 'जंगल बुक' त्या दोघांबरोबर मिळालेला धाकटा भाऊ समजावा. धावण्या-झोके घेण्याचा आनंद त्यात आहे, गाण्यांचा ठेका आहे, चित्रे सुबक आहेत. शनिवार-रविवार चांगला जातो. मात्र खेळ एकट्याने खेळायचा आहे, भाषा इंग्रजी आहे, आणि रत्ने शोधण्याचा कंटाळा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापासून येऊ लागतो. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला वडीलधारे कोणी शेजारी नसेल तर तो चिडून यंत्र आपटेल.

आणि एक अट. खेळ हाती देण्यापूर्वी दुष्काळाची आणि रानकुत्र्यांची अशा दोन कथा मुलाला आपल्या भाषेत सांगाव्यात. पुस्तक नसले तरी चालेल, आठवतील तशा सांगाव्यात. आधी कथा ऐकलेले मूल खेळात काय नाही ते आपोआप शोधू लागते.

आम्ही तसेच केले, थोडे उशिरा का होईना. सुटीच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी त्याला एकेक गोष्ट सांगत होतो. माझी मराठी त्याला थोडी विचित्र वाटे. "आजोबा, तुम्ही मधेच हिंदी बोलता," असे तो म्हणे. ते खरेच आहे. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. घरात मराठी आणि बाजारात हिंदी अशी आमची उभी हयात गेली. एकदा त्याने खेळातले सगळे टप्पे मागेपुढे फिरवून पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, ह्यात वैनगंगा कुठेच लिहिलेली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. मे महिना होता. पाणी एका बाजूला सरकले होते आणि पात्रातले काळे खडक उघडे पडले होते. पलीकडे म्हशी पाण्यात बसल्या होत्या. नातू बराच वेळ एका खडकाकडे बघत उभा होता. मग त्याने विचारले, "पाणतहाचा दगड हाच का?"

हाच, असे छातीठोकपणे मला सांगता येत नव्हते. "असाच असणार," मी म्हटले. यंत्र त्या दिवशी घरीच राहिले होते.